येत्या वर्षात आपल्या एफएम केंद्रांवर काय बदलेल? आपापले अंदाज मांडा

मध्यमलहर (धागाकर्ता)

आधी अंदाज सांगून टाकतो, कारणं मागाहून. येत्या वर्षात पुण्या-मुंबईतल्या बड्या खासगी केंद्रांच्या पाट्या बदलणार नाहीत. ९१.१ ला सिटी, ९३.५ ला रेड, ९८.३ ला मिर्ची हेच लागेल. बदलतील ते तास. सकाळी सात ते अकरा आपल्या गावचा माणूस आपल्याशी बोलेल, संध्याकाळी घरी परतताना कदाचित बोलेल, आणि बाकीच्या वेळात बोलणारा भलत्याच शहरात बसलेला असेल. याची घोषणा कोणी करणार नाही. ऐकणाऱ्याला ते हळूहळू उमगेल.

पाट्या का बदलणार नाहीत? कारण पैसे गुंतलेत. २०१५ नंतर जी केंद्रं केंद्र सरकारच्या खासगी एफएम परवानग्यांच्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणात आली, त्यांनी पंधरा वर्षांच्या परवानगीचे पैसे आगाऊ मोजले आहेत. जुन्या धोरणातून नव्यात आलेल्यांची मुदत १ एप्रिल २०१५ पासून धरली गेली, ती ३१ मार्च २०३० ला संपते. हाती इतकी कमी वर्षं उरलेली असताना नवं नाव, नवी धून, नवी होर्डिंगं असा खर्च कोणता मालक काढेल?

पूर्वी मात्र पाट्या पटापट बदलायच्या. पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जायचं, जाहिरातींची कमाई तेवढी वाढायची नाही. मुंबईतलं विन ९४.६ त्यातच बंद पडलं. गो ९२.५ चं रेडिओ वन झालं आणि ते ९४.३ वर गेलं. १०४.८ ची गोष्ट तर प्रत्येक रेडिओवाल्याने लक्षात ठेवावी अशी आहे. २००७ मध्ये तिथे म्याऊ नावाचं केंद्र आलं. बायकांसाठी, आणि मुख्यतः गप्पांचं. गाण्यांच्या मागे न लागता बोलण्यावर उभं राहायचा असा प्रयत्न आपल्याकडे फार थोड्यांनी केला आहे. पुढे त्याचं ओये झालं, मग इश्क झालं. लहर तीच राहिली, पण गप्पा गेल्या आणि गाणी आली. मला त्याचं आजही वाईट वाटतं.

आता तास का बदलतील ते. दुसऱ्या टप्प्यात एकच कार्यक्रम अनेक शहरांत लावण्यावर बरीच बंधनं होती. लहान गावांपुरतीच, तीही एकाच विभागात, ती मुभा होती. तिसऱ्या टप्प्यात आपल्या जाळ्यातल्या कोणत्याही शहरात तोच कार्यक्रम लावायची परवानगी मिळाली. एक आरजे, एक स्टुडिओ, दहा शहरं. जाहिरातीचा पैसा आटला की मालक सगळ्यात आधी इथेच कात्री लावतो, कारण ऐकणारा तक्रार करत नाही.

पुण्यापुरती तीन भाकितं लिहून ठेवतो, वर्षअखेरीला याच धाग्यावर तपासू.

एक, रात्री नऊनंतर पुण्यातल्या खासगी केंद्रांपैकी फार तर एकावर पुण्यातला माणूस थेट बोलत असेल. दोन, निदान दोन केंद्रं दिवसाउजेडी चालू वर्षातल्या गाण्यांपेक्षा नव्वदच्या आणि त्यापुढच्या दशकातली गाणी जास्त वाजवू लागतील. विशीतली मुलं मोबाइलवर हवं ते गाणं हवं तेव्हा ऐकतात. गाडीतला रेडिओ लावतो तो चाळिशीतला माणूस, आणि त्याला त्याच्या कॉलेजातली गाणी हवी असतात. तीन, पूर्ण मराठी गाण्यांचं खासगी केंद्र पुण्यात येणार नाही.

तुमच्या गावचं सांगा. नुसतं ‘आजकाल रेडिओत काही राहिलं नाही’ असं लिहू नका. कोणती लहर, कोणता तास, काय बदलेल, ते लिहा.

---

कोथरूडचा_कट्टा

पहिली दोन भाकितं मान्य, तिसरं बिलकूल नाही.

पुण्यात एफएमवर जाहिराती कोणाच्या असतात? सराफ, साड्यांची दुकानं, बिल्डर, क्लासेस, फर्निचरचे सेल. त्यांची जिंगल मराठी, आरजेचं बोलणं मराठी, फोन करणारा श्रोता मराठी. मधलं गाणं तेवढं हिंदी. स्वारगेटहून वारज्याला रिक्षाने या. चालक मराठी, आपण मराठी, रेडिओवर सिंहगड रोडच्या कोंडीची बातचीत मराठीत, आणि ती संपली रे संपली की हिंदी गाणं सुरू. ही काय रीत झाली?

कोल्हापुरात ‘पुढारी’वाल्यांचं टोमॅटो ९४.३ आहे. कोल्हापूरच्या बोलीत बोलतं, कोल्हापूरचं म्हणून ओळखलं जातं. कोल्हापूरला जमतं ते पुण्याला जमणार नाही हे मी मानायला तयार नाही. पाच-सहा केंद्रं एकाच प्रकारची गाणी वाजवून एकमेकांचे श्रोते ओढताहेत. त्यातल्या तळाच्या केंद्राने सरळ मराठीत उतरावं, त्याचं काहीच जाणार नाही. माझं भाकीत: येत्या गणपतीच्या आसपास एक केंद्र हे करेल.

---

जाहिरातवाला

मी काही वर्षं एका एफएम केंद्राच्या विक्री विभागात होतो, नाव घेत नाही. कट्टा, तुमचं म्हणणं ऐकायला गोड आहे आणि व्हावंसं मलाही वाटतं. पण आतलं गणित वेगळं असतं.

आम्ही गाणी विकत नाही, सेकंद विकतो. त्याला एफसीटी म्हणतात. दर दहा सेकंदांवर ठरतो. सराफाची जाहिरात मराठी असली तरी केंद्राची मोठी रक्कम येते ती मोटारी, साबण, मोबाइल, विमा असल्या देशभराच्या ग्राहकांकडून. त्यांची खरेदी मुंबईत किंवा दिल्लीत बसलेली एजन्सी करते. तिला ‘पुणे’ एकटं नको असतं, ‘मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर’ असा एकगठ्ठा हवा असतो. गठ्ठ्यात सगळीकडे एकसारखा आवाज असला की तिचं काम सोपं. तुमचं केंद्र पूर्ण मराठी झालं की एजन्सीच्या कागदावर ते ‘प्रादेशिक’ या रकान्यात जातं आणि दर खाली येतो. ऐकणारे वाढले तरी दर खाली येतो, हे लक्षात घ्या.

ऐकणारे वाढले हे दाखवायचं तरी कसं? रॅम नावाची श्रोत्यांची मोजणी व्हायची ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि कोलकाता या चार शहरांत. घरोघरी डायरी देऊन, कोणी कधी काय ऐकलं ते लिहून घेत. पुणे त्यात नव्हतंच. मग पुण्यात गाण्यांचा बदल कशाच्या जोरावर करणार? विक्रीवाल्यांच्या आग्रहावर आणि संगीत विभागाच्या अंदाजावर.

सरकारी जाहिरातींचा आधारदर २०२३ मध्ये दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. लहान गावच्या केंद्रांना त्याचा मोठा आधार मिळाला. पण केंद्राने सरकारला भरायचं वार्षिक शुल्क एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के किंवा प्रवेश शुल्काच्या अडीच टक्के, यातलं जे जास्त असेल ते. धंदा बसला तरी दुसरा आकडा खाली येत नाही. तो काढून टाका असं ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२३ मध्येच सुचवलं होतं.

आणखी एक खर्च लोकांच्या ध्यानात येत नाही. गाण्यांची रॉयल्टी आधी उत्पन्नाच्या २ टक्के होती. डिसेंबर २०२० च्या आदेशाने ती नीडल अवरवर गेली. म्हणजे गाणं प्रत्यक्ष जितका वेळ वाजलं तितक्या वेळाचे पैसे. यातून एक चांगलं निघू शकतं: बोलणं गाण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. पण ते बोलणं दहा शहरांत एकदम लावलं तर आणखी स्वस्त.

माझं भाकीत: दुपारी बारा ते चार हा पट्टा येत्या वर्षात जवळपास सगळीकडे जाळ्यावर जाईल, म्हणजे सगळ्या शहरांत एकच कार्यक्रम लागेल. दुपारी जाहिरात सगळ्यात कमी विकली जाते.

---

लिंकवाली

दुपारचा पट्टा आमच्याकडे कधीच गेला. मी तोच करायचे.

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. दोन गाण्यांच्या मधे आरजे जे बोलतो त्याला लिंक म्हणतात. थेट कार्यक्रमात लिंकच्या मिनिटभर आधी मी फोनवर असायचे, वाहतूक शाखेच्या सूचना बघत असायचे, खिडकीतून आभाळ बघत असायचे. पुढे पुढे सांगण्यात आलं की सगळ्या लिंका सकाळी एकदम रेकॉर्ड करून ठेव. तासाभरात चार तासांचं बोलणं उरकायचं. वेळ सांगायची नाही, हवामान सांगायचं नाही, ‘आत्ता’ म्हणायचं नाही. मग तेही बंद झालं आणि दुसऱ्या शहरातला कार्यक्रम आला.

२५ जुलै २०२४ चा दिवस पुणेकर विसरणार नाहीत. खडकवासल्यातून मोठा विसर्ग सोडला होता आणि पहाटे सिंहगड रोडला एकता नगरीत पाणी शिरलं. माणसं तळमजल्यावर अडकली होती. त्या पहाटे आमच्या केंद्रावर जाळ्यातला रेकॉर्ड केलेला कार्यक्रम चालू होता, त्यात कोणीतरी पावसाळी हवेचं आणि गरम भज्यांचं कौतुक करत होतं. इमारतीत रखवालदाराशिवाय कोणी नव्हतं. तो कार्यक्रम थांबवायची सोयच ठेवलेली नव्हती.

सकाळचा चमू पोहोचला आणि चित्र पालटलं. क्लॉक, म्हणजे तासाचा ठरलेला आराखडा, बाजूला ठेवलं, गाणी कमी केली आणि फोन उघडले. भिडे पूल पाण्याखाली आहे, नदीपात्रातला रस्ता बंद आहे, शाळांना सुट्टी आहे, अमुक सोसायटीत म्हातारी माणसं आहेत, बोट कुठवर आली आहे. एका बाईंनी फोन करून सांगितलं की लाइट गेलेत, मोबाइलला चार्जिंग उरलेलं नाही, बॅटरीवरचा जुना रेडिओ तेवढा चालू आहे. त्या फोनमुळे तरी वरच्यांना पटेल असं मला वाटलं होतं. वर्ष उलटायच्या आत माझा पट्टा गेला.

यात नियमांची कसलीही आडकाठी नव्हती. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, पण वाहतूक, हवामान, पाणीपुरवठा, वीज, परीक्षांचे निकाल, नैसर्गिक आपत्तीच्या सूचना हे सगळं तिसऱ्या टप्प्यात चालतं. चालत नाही ते रिकाम्या स्टुडिओमुळे.

माझं भाकीत मध्यमलहर यांच्याहून कडक आहे. रात्री नऊच कशाला, सकाळचा कार्यक्रम सोडला तर पुण्यातल्या निम्म्या खासगी केंद्रांवर पुण्यातला थेट आवाज उरणार नाही.

---

सातदहा

धाग्यात सगळे खासगी केंद्रांबद्दलच लिहिताहेत. आकाशवाणीचं काय?

पुण्याच्या आकाशवाणीच्या सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या कित्येक घरांत घड्याळाच्या जागी आहेत. आमच्याकडे तर आजोबांपासून. म्हणून हे नाव घेतलं. जून २०२३ मध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला द्यायचा निर्णय झाला होता. पुण्यातून इतका विरोध झाला की त्याला स्थगिती मिळाली. म्हणजे ऐकणारा तक्रार करत नाही हे सगळीकडे खरं नाही. आम्ही केली, पत्रं लिहिली, लोकप्रतिनिधींना भेटलो, आणि बातम्या राहिल्या.

पण स्थगिती म्हणजे निर्णय रद्द झाला असं नव्हे. माझी भीती अशी आहे की कोणी आदेश काढून बंद करणार नाही, माणसं निवृत्त होतील आणि जागा भरल्या जाणार नाहीत. नैमित्तिक निवेदकांच्या जिवावर किती दिवस चालेल? पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. सत्तरीपार केंद्रात पूर्ण वेळचे निवेदक किती उरलेत हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा.

भाकीत: बातम्या राहतील. मध्यम लहरींवरचं ७९२ ऐकणारे आणखी घटतील, कारण नव्या रेडिओंत आणि गाड्यांत ते नीट लागत नाही. आणि मुख्य केंद्राचे स्थानिक कार्यक्रम, म्हणजे शेतीचे, कामगारांचे, नभोनाट्य, यांतला काही भाग १०१ वर विविध भारतीच्या वेळेत येईल. आला तर मला आनंदच होईल, कारण आज ते कार्यक्रम चांगले असून कोणाच्या कानावर पडत नाहीत.

---

मध्यमलहर

सातदहा, ‘ऐकणारा तक्रार करत नाही’ हे मी खासगी केंद्रांबद्दल लिहिलं होतं. आकाशवाणीवर लोक हक्क सांगतात, खासगी केंद्रावर सांगत नाहीत. खरं तर खासगी केंद्रही सार्वजनिक लहरीच वापरतं, पैसे भरून वापरतं इतकंच. तिथेही पत्र लिहायला काय हरकत आहे?

लिंकवाली, तुम्ही लिहिलेलं दोनदा वाचलं. तुमच्या पोस्टनंतर माझं पहिलं भाकीत मला फारच मवाळ वाटतंय. ते तसंच ठेवतो, पण तुमचं खरं ठरेल अशी धास्ती आहे.

---

झाडीपट्टी

चंद्रपूरहून लिहितोय. आमच्याकडे स्वरूप बदलायला आधी केंद्र तर हवं! आकाशवाणी चंद्रपूर १०३ आहे, त्यावर आमचा जीव आहे. खासगी एकही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. महाराष्ट्रातली लातूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया, मालेगाव, नंदुरबार, बार्शी ही गावं त्यात आहेत, चंद्रपूरही आहे. ती बातमी वाचून आमच्या मित्रमंडळात किती बोलणी झाली! कोण येईल, झाडीबोलीत बोलेल का, दंडारीची (आमच्याकडचं लोकनाट्य) आणि झाडीपट्टीच्या नाटकांची जाहिरात कशी वाजेल.

आता जाहिरातवाला यांचं वाचून वाटतंय की समजा लिलाव झाला, परवानगी निघाली, मनोरा उभा राहिला, तरी आमच्याकडे नागपूरचाच कार्यक्रम वाजेल. स्टुडिओच्या नावाखाली एक खोली आणि एक यंत्र. तसं झालं तर आम्हाला काय मिळालं? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७ पर्यंत जातो. तेंदूपत्त्याच्या दिवसांत पहाटे जंगलात जाणाऱ्यांवर वाघाचे हल्ले होतात. कोणत्या गावच्या शिवारात वाघ दिसला हे रात्री नऊला कोणी रेडिओवरून सांगितलं तर सकाळी माणूस वाचतो. नागपूरच्या आरजेला मूल आणि सावली ही तालुक्यांची नावं आहेत हे तरी ठाऊक असेल का?

भाकीत: येत्या वर्षात आमच्याकडे खासगी केंद्राचा आवाज येणार नाही. आलाच तर त्यात चंद्रपूरचा आवाज दिवसाकाठी दोन-तीन तासांपेक्षा जास्त नसेल.

---

टेम्सकाठ

इंग्लंडात राहते, मूळची साताऱ्याची. इथे हे सगळं आधी घडून गेलंय म्हणून लिहिते.

२०१८ मध्ये इथल्या नियामकाने स्थानिक तासांची अट सैल केल्यावर २०१९ मध्ये ग्लोबल या कंपनीने हार्ट, कॅपिटल आणि स्मूथचे सकाळचे चाळीसहून अधिक स्थानिक कार्यक्रम बंद केले आणि लंडनहून देशभर एकच कार्यक्रम लावला. खासगी कंपनीचं ठीक म्हणावं, तर २०२३ मध्ये बीबीसीनेही इंग्लंडातल्या आपल्या ३९ स्थानिक केंद्रांवर दुपारी दोननंतरचे कार्यक्रम शेजारच्या केंद्रांशी वाटून घेतले. सकाळी सहा ते दुपारी दोन एवढंच प्रत्येकाचं आपलं राहिलं. त्या वेळी तिथल्या पत्रकारांनी संप केला होता.

मध्यमलहर म्हणतात तसंच झालं. नावं तीच, लहरी त्याच, दुपारनंतरचा आवाज दुसरीकडचा. फरक एवढाच की इथे निदान नियमात स्थानिक तास किती हवेत हे लिहिलेलं होतं, म्हणून ते कमी करताना आधी जाहीर चर्चा करावी लागली. आपल्याकडे खासगी केंद्रांसाठी असा स्थानिक तासांचा ठोस आकडा हवा. तो २०३० च्या नव्या परवानग्यांत यावा, यासाठी आत्तापासून बोललं पाहिजे.

---

डिजिटल_कान

या चर्चेत डिजिटलचा मुद्दा यायला हवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी दिल्या. पहिल्या फेरीत तेरा मोठी शहरं, त्यात मुंबई, पुणे, नागपूर. एकाच लहरीवर आत्ताचं एक अ‍ॅनालॉग केंद्र, शिवाय तीन डिजिटल वाहिन्या आणि एक माहितीची वाहिनी.

कट्टा, तुमचं मराठी केंद्र तिथे येऊ शकतं. मुख्य वाहिनीवर हिंदी गाणी ठेवून दुसऱ्यावर मराठी, तिसऱ्यावर जुनी गाणी. एजन्सीचा गठ्ठाही मोडत नाही.

पण येत्या वर्षात काही होणार नाही. आधी तंत्रज्ञान कोणतं ते ठरायचं, मग लिलाव, मग यंत्रं, आणि शेवटी ऐकणाऱ्याकडे रेडिओ हवा. मोबाइलमध्ये साधं एफएम चालू ठेवा म्हणून २०२३ मध्ये सरकारला फोन कंपन्यांना सूचना काढावी लागली होती. डिजिटलला किती काळ लागेल याचा अंदाज त्यावरूनच येतो.

---

जाहिरातवाला

डिजिटल_कान, तीन वाहिन्या मिळाल्या तर त्यांवर माणसं किती लागतील याचा हिशेब कोणी मांडलाय का? एका वाहिनीला माणसं परवडत नाहीत म्हणून कार्यक्रम जाळ्यावर चाललेत. उरलेल्या दोन नुसत्या गाण्यांच्या याद्या होतील. मराठी गाणी वाजतील, मराठी माणूस बोलणार नाही.

---

माणगंगेकाठी

मी माण तालुक्यातला. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ वर. सामुदायिक रेडिओ. बारामतीला वसुंधरा वाहिनी, पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४, नाशकात रेडिओ विश्वास ९०.८. ट्रान्समीटर फक्त १०० वॉटचा, थोड्याच किलोमीटरांच्या टापूत ऐकू येतो. पण निम्मे कार्यक्रम तिथलेच हवेत अशी अट आहे, आणि भाषाही तिथलीच. टेम्सकाठ ज्या नियमाबद्दल लिहितात तो आपल्याकडे इथे आहे.

२०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर आली. बियाणं-खतांची दुकानं, पतसंस्था, बाजार समित्या, जत्रा कमिट्या यांना एवढ्याशा टापूत जाहिरात हवीच असते. झाडीपट्टी, तुमच्या खासगी केंद्राची वाट बघण्यापेक्षा एखादी संस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा महाविद्यालय पुढे येतंय का ते बघा. वाघाची सूचना तिथून पहिली येईल.

माझं भाकीत: मोठ्या केंद्रांनी सोडलेले स्थानिक तास येत्या वर्षात थोडेफार इकडे येतील. लिंकवालींसारखी शिकलेली माणसं इकडे आली तर फार बरं होईल. आमच्याकडे बोलणारी माणसं भरपूर आहेत, संकलन शिकवणारं कोणी नाही.

---

पेडण्याहून

गोव्यातलं थोडक्यात. इंडिगो ९१.९ इंग्रजी गाण्यांवर राहील, पर्यटक आणि हॉटेलं तिथली गिऱ्हाइकं आहेत. पणजी आकाशवाणीवर कोंकणी-मराठीची वाटणी आहे तशीच राहील, तिला हात लावायची कोणाची छाती नाही. खासगी केंद्रांवर कोंकणी वाढेल असं मला वाटतं, निदान चवथीच्या आणि शिगम्याच्या दिवसांत.

---

कोथरूडचा_कट्टा

जाहिरातवाला, तुमचं गणित समजलं. तरी मी माघार घेत नाही, भाकीत नेमकं करतो. पूर्ण केंद्र नव्हे, पण पुण्यातलं एक खासगी केंद्र येत्या वर्षात सकाळी सहा ते आठ आणि रविवारी पूर्ण दुपार मराठी गाण्यांना देईल आणि ते सणापुरतं नसेल, बारा महिने चालेल. सकाळची भक्तिगीतं मी यात धरत नाही, ती आधीपासून आहेतच.

आणि एक विनंती. रिक्षावाले, कॅबवाले, दुकानदार यांना विचारा की रात्री काय लावता. रात्री साडेदहाला आमच्या चौकातला भुर्जीवाला रेडिओच लावतो. परवा त्याला विचारलं तर म्हणाला, “बोलणारं कोणी नसलं तरी चालेल, पण पुण्याचं सोडून मुंबईच्या लोकलचं सांगत बसतात तेव्हा बंद करतो.” हे एजन्सीच्या कागदावर कुठे लिहायचं?

---

मध्यमलहर

कट्टा, हे भाकीत तपासता येण्यासारखं आहे, नोंदवून ठेवलं. भुर्जीवाल्याचं म्हणणं मोठ्या केंद्रांच्या कार्यक्रम प्रमुखांनी वाचावं.

एक सुचवतो. येत्या आठवड्यात ज्याला जमेल त्याने आपल्या गावची एक लहर धरून दुपारचा एक तास आणि रात्रीचा एक तास ऐकावा. बोलणारा माणूस त्याच गावातून थेट बोलतोय का, एवढंच इथे टाकावं. वर्षअखेरीला तेच तास पुन्हा ऐकू. प्रश्न एवढाच आहे की थेट आणि रेकॉर्ड केलेलं ओळखायचं कसं?

---

लिंकवाली

सोपं आहे, सांगते.

पहिलं, वेळ. थेट आरजे ‘नऊ वाजून बारा मिनिटं झालीत’ म्हणतो. रेकॉर्ड केलेला फार तर ‘रात्रीची वेळ आहे’ म्हणतो. दुसरं, श्रोत्याचा फोन. कॉल लावला आणि श्रोत्याने गावातल्या ठिकाणाचं नाव घेतलं तर आरजे पुढे काय विचारतो ते ऐका. तिथला असेल तर लगेच ‘म्हणजे कुठे, दत्त मंदिरापाशी?’ असं निघतं. बाहेरचा असेल तर ‘अरे वा’ म्हणून गाणं लावतो. तिसरं, चूक. थेट कार्यक्रमात आरजे कधीतरी अडखळतो, गाण्यावर बोलणं चढतं, जाहिरात अर्धवट तुटते. रेकॉर्डमध्ये सगळं गुळगुळीत असतं.

आणि अगदी खात्री करायची असेल तर जोराचा पाऊस पडताना किंवा वीज गेल्यावर लावा. पाच-दहा मिनिटांत त्याचा उल्लेख आला नाही तर स्टुडिओत कोणी नाही असं समजा.

मी पुण्याचे दुपारचे तास घेते. रात्रीचे कोणीतरी घ्या. झाडीपट्टी, तुम्ही १०३ चं लिहा, आकाशवाणीची लहान केंद्रंही यात धरायला हवीत. आणि माणगंगेकाठी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप टाकलाय, संकलन शिकवायला मी शनिवार-रविवारी येऊ शकते.